इटालियन खाणावळीची कुळकथा

खाणावळ हा शब्द आपल्या कानाला फारसा गोड लागत नाहीं. घर सुटलेल्या विद्यार्थ्याची, एकट्या कारकुनाची किंवा गिरणींतील कामगाराची ती अडचणीची सोय. तिच्याविषयीं कोणी अभिमानानें बोललेलें क्वचितच ऐकूं येतें. स्नेह्याला जेवावयास घालावयाचें तर तें घरीं, ही आपली समजूत. त्याला खाणावळींत नेलें तर यजमानालाच कांहींसें उणें वाटतें. इटलींत प्रकार उलट आहे. जुन्या मित्राशीं चार गोष्टी बोलावयाच्या असल्या म्हणजे तेथील माणूस बहुधा खाणावळीचीच वाट धरतो. पांचसात मेजें, त्यांवर कागदाचें किंवा चौकड्यांच्या कापडाचें आच्छादन, भिंतीवर एखादी धुरकटलेली तसबीर. मालक स्वतः मेजापाशीं येऊन आज काय शिजलें आहे तें सांगतो, आणि जेवण संपल्यावर आतां उठा असें कोणी सुचवीत नाहीं.

नेपल्स शहरांतील अशाच एका लहानशा खाणावळींत मी आणि माझा एक जुना स्नेही एका संध्याकाळीं जेवलों. समोर लांकडाची भट्टी पेटली होती. पिठाचा गोळा हातानें पसरावा, त्यावर टोमॅटोचा रस, चीज आणि तुळशीच्या जातीचीं चार पानें टाकावीं, आणि लांब दांड्याच्या फळीवरून तो आंत सरकवावा, हें काम तेथला कारागीर जराही घाई न करतां, पण अतिशय चपळाईनें करीत होता. स्नेही तें पाहत म्हणाला, "रोमन लोकही असेंच जेवत असतील. दोन हजार वर्षांत येथें कांहीं बदललेलें नाहीं." वाक्य सुंदर होतें, मीही मान डोलाविली. परंतु घरीं परतल्यावर पुस्तकें उघडलीं तेव्हां दिसून आलें कीं, त्या वाक्याचा अर्धा भाग साफ चुकीचा आहे, आणि दुसरा अर्धा, स्नेह्याच्या मनांत नसलेल्या कारणानें, अगदीं खरा आहे. कोणता अर्धा चूक व कोणता खरा, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आरंभ नांवांपासून करूं. इटलींत जेवणाच्या जागांना तीन मुख्य नांवें आहेत. 'ओस्तेरिया' हें सर्वांत जुनें. त्याचें मूळ लॅटिन 'होस्पेस' या शब्दांत आहे, आणि या शब्दाची मौज अशी कीं यजमान आणि पाहुणा या दोघांनाही तो एकच शब्द लागतो. ओस्तेरिया म्हणजे मुख्यतः मद्याची जागा. अन्न मिळालें तर मिळालें. 'त्रात्तोरिया' म्हणजे शिजविलेलें अन्न देणारी साधी खाणावळ. 'रिस्तोरान्ते' हा शब्द फ्रेंचांकडून आलेला. अठराव्या शतकांत पॅरिसमध्यें अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या रश्श्याला जें नांव होतें, तेंच पुढें तो रस्सा विकणाऱ्या दुकानाला लागलें. भपका असावयाचा तो रिस्तोरान्तेमध्यें. मित्रांची बैठक ओस्तेरियांत आणि त्रात्तोरियांत. निदान जुना संकेत असा होता. आतां पुष्कळ महागड्या जागाही नम्रपणाचा आव आणून स्वतःला ओस्तेरिया म्हणवून घेतात, ही गोष्ट निराळी.

आतां त्या दोन हजार वर्षांकडे वळूं. नेपल्सपासून जवळच, इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलेलें पॉम्पेई नगर आहे. त्याच्या रस्त्यांवर जागोजाग अन्नविक्रीचीं दुकानें सांपडलीं आहेत. दगडी ओटा, त्यांत बसविलेले मोठे मातीचे रांजण, आणि मागें कोठें कोठें बसावयास एखादी खोली, अशी त्यांची रचना असते. २०२० सालीं त्यांतील एक दुकान जवळजवळ जसेंच्या तसें उकरून काढण्यांत आलें. ओट्यावर रंगविलेलीं बदकें होतीं, आणि रांजणांच्या परिसरांत बदक, डुक्कर, शेळी, मासे व गोगलगाई यांचे अवशेष निघाले. मद्याच्या एका भांड्याच्या तळाशीं दळलेल्या घेवड्याचे कण होते. त्या काळच्या सामान्य माणसाच्या लहानशा घरांत स्वयंपाकाची सोय बेताचीच असे. तेव्हां बाहेर खाणें ही त्याची चैन नव्हती, ती त्याची गरज होती. धनिक आपल्या घरीं मंचकावर आडवा होऊन जेवे. दुकानांतील गिऱ्हाईक मात्र आपल्यासारखेंच सरळ बसून, मेजावर कोपर टेकून जेवे. पॉम्पेईंतील एका मद्यगृहाच्या भिंतीवरचीं चित्रें आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहेत. त्यांत दोघे गडी फांसे खेळतां खेळतां दानावरून भांडतात, आणि मालक त्यांना, भांडावयाचें तें बाहेर जाऊन भांडा, असें बजावतो. संवादासुद्धां रंगविलेलें हें दृश्य पाहिलें म्हणजे मधलीं एकोणीस शतकें क्षणभर नाहींशीं होतात.

पण या निरुपद्रवी दिसणाऱ्या दुकानांवर राज्यकर्त्यांचा डोळा होता. टायबीरियस बादशहानें अशा दुकानांवर इतके निर्बंध घालविले कीं साधे भट्टींत भाजलेले पिठाचे पदार्थही मांडण्याची चोरी झाली. क्लॉडियसनें लोकांच्या मंडळ्या मोडल्या, त्यांच्या बैठकीचीं मद्यगृहें बंद केलीं, आणि शिजविलेलें मांस व गरम पाणी विकण्याची मनाई केली. नीरोनें भाजीपाला व कडधान्यें यांखेरीज शिजलेला पदार्थ दुकानांत विकूं नये असें फर्मान काढलें, आणि व्हेस्पेसियननें तर केवळ कडधान्यांवर आणून ठेवलें. एकामागून एक बादशहाला तीच आज्ञा पुन्हा द्यावी लागली, यावरून ती कितपत पाळली जात असेल हें वाचकांनींच ताडावें. गंमत अशी कीं, हाच क्लॉडियस एकदां सेनेटमध्यें, घांसभर खाण्यावांचून माणसानें जगावें तरी कसें, असें उद्गारला आणि तरुणपणीं आपण जेथून मद्य आणीत असूं त्या दुकानांच्या समृद्धीचें वर्णन करूं लागला, असें इतिहासकार स्वेटोनियसनें नमूद केलें आहे. बादशहाला अन्नाचें वांकडें नव्हतें. त्याला भीति होती ती अन्नाभोंवतीं जमणाऱ्या माणसांची. घरांत एकटा जेवणारा मनुष्य राज्याला निरुपद्रवी. दोघे मित्र एका मेजाशीं बसले कीं तिसरा विषय निघतो, आणि तो विषय पुष्कळदां राजाच असतो.

साम्राज्य गेलें, बादशहा गेले, आणि दुकान टिकलें. मध्ययुगांत यात्रेकरू, व्यापारी, खेंचरवाले व विद्यार्थी यांच्यासाठीं ओस्तेरिया गांवोगांव उभ्या राहिल्या. बोलोन्या शहरांत बाजारालगतच्या बोळांत १४६५ पासूनची म्हणून सांगितली जाणारी एक ओस्तेरिया अजून चालू आहे. तेथें मद्य मिळतें, अन्न मिळत नाहीं. गिऱ्हाइकानें शेजारच्या दुकानांतून पाव, चीज, मांसाचे काप असें जें परवडेल तें कागदांत बांधून आणावें आणि लांब बाकावर बसून सोबत्यांसह खावें. म्हणजे ओस्तेरियाचा मालक विकतो काय? एक पेला मद्य आणि बसावयाची जागा. इटलींतील पुष्कळ खाणावळींच्या बिलांत 'पाव आणि बैठक' अशा अर्थाची एक लहानशी रक्कम अजून निराळी लिहिलेली असते. परक्या प्रवाशाला ती लूट वाटते व तो वाद घालतो. पण बसण्याचें मोल खाण्याच्या मोलाहून निराळें आहे, ही जुनी जाणीव त्या आंकड्यांत शिल्लक राहिली आहे असें मला वाटतें.

येथवर स्नेह्याच्या वाक्याचा खरा अर्धा झाला. आतां चुकीचा.

त्या संध्याकाळीं आमच्या ताटांत जें होतें त्यांतील बहुतेक रोमन माणसानें पाहिलेलें नव्हतें. 'पिझ्झा' हा शब्द जुना आहे खरा. ९९७ सालच्या गाएता येथील एका लॅटिन करारांत नाताळाला बारा व ईस्टरला बारा 'पिझ्झे' बिशपाला द्यावे असें कलम आहे. पण तो पिझ्झा टोमॅटोचा असणें शक्य नव्हतें, कारण टोमॅटो अमेरिकेंतला. १५४४ मध्यें मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो. १५४८ मध्यें तोस्कानाचा अधिपति कोसिमो मेदिची याच्याकडे टोमॅटोची एक टोपली सुखरूप पोंचल्याची नोंद आहे. सोनेरी सफरचंद अशा अर्थाचें नांव त्याला मिळालें, परंतु ताटांत जागा मिळावयास दीडशें वर्षें लागलीं. नेपल्समध्यें १६९२ ते १६९४ या काळांत छापलेल्या लातीनीच्या पाकग्रंथांत टोमॅटोची चटणी आहे, तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. टोमॅटो घातलेल्या शेवयांचें साधें घरगुती कृतिवर्णन पाहावयाचें तर काव्हालकान्तीच्या पुस्तकाच्या १८३९ च्या आवृत्तीपर्यंत यावें लागतें. शेवयांचीही तीच कथा. नेपल्सच्या लोकांना पूर्वी 'पालेखाऊ' म्हणून हिणवीत, कारण कोबीसारख्या भाज्या हेंच त्यांचें मुख्य अन्न. सतराव्या शतकांत वस्ती वाढली, मांस दुर्मिळ झालें, आणि पीठ मळण्याच्या व शेवया दाबून काढण्याच्या यंत्रांनीं त्या स्वस्त केल्या. तेव्हां हेच लोक 'शेवयाखाऊ' झाले. राष्ट्रीय अन्न म्हणून आज जें मिरविलें जातें, तें अशा रीतीनें टंचाईच्या पोटीं जन्मलें.

पिझ्झाच्या गरिबीबद्दल तर साक्षीदार हवे तितके आहेत. अलेक्झांडर द्यूमा यानें १८४३ च्या आपल्या प्रवासवर्णनांत नेपल्सचा गरीब माणूस हिवाळ्यांत पिझ्झ्यावर आणि उन्हाळ्यांत कलिंगडावर जगतो असें लिहिलें आहे. तेल, चरबी, चीज, टोमॅटो, बारीक मासळी यांपैकीं त्या दिवशीं पिझ्झ्यावर काय पडलें आहे त्यावरून बाजाराचा भाव ओळखावा, असें त्याचें निरीक्षण. १८८४ मध्यें, नेपल्सवर पटकीची धाड आली त्या वर्षीं, मातिल्दे सेराओ या लेखिकेनें शहराच्या दारिद्र्याचें जळजळीत चित्र काढलें. रस्त्याच्या कोंपऱ्यावर एका नाण्याला मिळणारा पिझ्झ्याचा तुकडा, तोच कित्येकांची न्याहारी व तोच कित्येकांचें जेवण, हें तिनें दाखविलें. आणि रोममध्यें नेपल्सच्या पद्धतीचें दुकान काढणाऱ्या एका माणसाचा धंदा कसा बसला हेंही सांगितलें. 'पिनोकिओ'चा कर्ता कोल्लोदी हा फ्लॉरेन्सचा. त्याला १८८६ मध्यें पिझ्झा म्हणजे ठिगळें लावलेली घाण वाटली, विकणाऱ्याच्या अवताराला शोभणारी. १८९१ मध्यें आर्तूसीनें स्वखर्चानें जो पाकग्रंथ प्रसिद्ध केला व जो पुढें इटलीच्या घराघरांत गेला, त्यांत 'नेपल्सचा पिझ्झा' या नांवाखालीं जें आहे तें एक गोड पक्वान्न आहे. इटलीचें एकीकरण १८६१ सालीं झालें. पण त्यानंतर तीस वर्षांनींही उत्तरेच्या सुखवस्तु माणसाला दक्षिणेच्या गरिबाचें रोजचें जेवण ठाऊक नव्हतें, इतके हे देशबांधव एकमेकांना परके होते.

यावर कोणी राणी मार्घेरीताची गोष्ट सांगेल. १८८९ मध्यें राणी नेपल्सला आली असतां एस्पोझितो नांवाच्या कारागिरानें लाल, पांढरा व हिरवा या राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा तिला अर्पण केला, आणि त्याला तिचें नांव मिळालें, अशी आख्यायिका आहे. दुकानांत राजवाड्याचें म्हणून एक पत्रही जपलेलें आहे. परंतु अलीकडच्या संशोधकांनीं त्या पत्राच्या अस्सलपणाविषयीं गंभीर शंका घेतल्या आहेत. शिवाय १८५८ च्या सुमाराच्या वर्णनांतच चीज व तुळशीचीं पानें घातलेला पिझ्झा आढळतो. आपल्याकडेही एखाद्या पदार्थाचें कूळ पेशव्यांच्या मुदपाकखान्यांत नेऊन पोंचविल्याशिवाय पुष्कळांचें समाधान होत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. गरिबाच्या अन्नाला प्रतिष्ठा हवी तर ती राणीनेंच द्यावी, अशी समजूत या गोष्टीच्या मुळाशीं आहे.

प्रतिष्ठा प्रत्यक्षांत दिली ती निर्वासितांनीं. १८७६ पासून १९१५ पर्यंत सुमारें एक कोटी चाळीस लाख इटालियन पोटासाठीं देश सोडून गेले. सिसिलीचा मनुष्य आणि नेपल्सचा मनुष्य मायदेशीं एकमेकांना 'इटालियन' म्हणून ओळखत नव्हते. न्यूयॉर्कच्या गल्लींत शेजाऱ्यांनीं दोघांनाही त्या एकाच नांवानें हिणविलें, तेव्हां ते एका मेजाशीं येऊन बसले. तेथील पहिलें पिझ्झाचें दुकान म्हणून लोंबार्दीच्या १९०५ च्या दुकानाचें नांव सांगतात. इकडे खुद्द इटलींत तूरिनो व मिलानो येथें पिझ्झा सर्वत्र झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, कारखान्यांत कामाला गेलेल्या दक्षिणेच्या मजुरांबरोबर. म्हणजे आमच्या भट्टीपुढील तो सनातन देखावा उत्तर इटलीला आपल्या वाडवडिलांच्या काळांतच माहीत झालेला आहे.

मधल्या काळांत जुना बादशहा नव्या वेषांत परत आला होता. २६ मे १९२७ रोजीं मुसोलिनीनें आपल्या प्रसिद्ध भाषणांत आपण पंचवीस हजार ओस्तेरिया बंद केल्याचें अभिमानानें सांगितलें. आणि दुकानदारांचीं व त्यांच्या गिऱ्हाइकांचीं मतें मागण्याची वेळ आपल्यावर आतां बहुधा येणार नाहीं, म्हणून ही चैन आपल्याला परवडते, अशी पुस्तीही जोडली. कारण दारूबंदीचें दिलें होतें. पण हीच जागा कामकऱ्यांच्या बैठकीची, वर्तमानपत्र मोठ्यानें वाचण्याची आणि राजकारण बोलण्याची होती, हें त्याच्यासारख्या एके काळच्या समाजवाद्याला ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? क्लॉडियसनें जें ओळखलें होतें तेंच त्यानें ओळखलें.

त्याच वर्षाची आपल्याकडील एक गोष्ट येथें आठवल्याखेरीज राहत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, तेव्हां कित्येक प्रतिनिधि जेवत होते; त्यांच्या पुढचें अन्न मातींत मिसळण्यांत आलें. इटलींत मित्रांची बैठक मोडावयाला सरकारी हुकूम लागला. आपल्याकडे तें काम समाजच करीत होता. सोबत्याला इटालियन भाषेंत 'कोंपान्यो' म्हणतात. त्याचें मूळ लॅटिन 'पानिस', म्हणजे पाव. ज्याच्यासह पाव खावा तो सोबती. हाच 'पानिस' पोर्तुगीज तोंडांतून आपल्या किनाऱ्याला उतरला आणि मराठींत 'पाव' झाला. शब्द आला, पण त्याच्या मागचा सोबती यावयास फार काळ लागला. १८४९ मध्यें मुंबईंत दादोबा पांडुरंग आदिकरून मंडळींनीं परमहंस सभा काढली, तेव्हां नव्या सभासदाची कसोटी हीच होती कीं त्यानें ख्रिस्ती माणसानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा. तोही चोरून, पुढें सभासदांचीं नांवें फुटलीं आणि त्या भयानें सभाच मोडली. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्यानें रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणांत ओढलें. एक तुकडा पाव, एक पेला चहा, एक ओंजळ पाणी. पण त्यांवरून माणसें वाळींत पडलीं, आणि महाडला तर त्यांचीं डोकीं फुटलीं. म्हणून कोणत्याही मेजाशीं कोणाही मित्राबरोबर बसतां येणें ही क्षुल्लक सोय आहे असें आपण तरी म्हणूं नये. ती पुष्कळांनीं किंमत देऊन मिळविलेली वस्तु आहे, आणि ती सर्वांना सारखी मिळाली आहे असें अजूनही म्हणवत नाहीं.

२०१७ मध्यें नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत नोंदविली, आणि २०२५ च्या डिसेंबरांत दिल्लींत भरलेल्या बैठकींत सबंध इटालियन पाकपद्धतीलाही तो मान मिळाला. मान योग्यच आहे. परंतु पदार्थांच्या प्राचीनत्वावर तो उभारणें हें राणीच्या गोष्टीवर विसंबण्यासारखें होईल. पदार्थ मेक्सिकोहून आले, टंचाईंतून आले, परदेशीं जाऊन मोठे झाले. जुनी आहे ती त्यांच्याभोंवतींची बैठक.

नेपल्समध्यें पूर्वी पिझ्झा उधारीवर मिळे : आज खा, आठ दिवसांनीं पैसे द्या. १९५४ च्या 'नेपल्सचें सोनें' या चित्रपटांतही ही प्रथा दाखविली आहे. ज्याच्यापाशीं आज कांहींच नाहीं त्यालाही मेजावरून उठवावयाचें नाहीं, असा तिचा भावार्थ. त्या संध्याकाळीं आम्हां दोघांत बिलावरून आपल्याकडील रीतीप्रमाणें बरीच ओढाताण झाली. इटालियन लोक बिल सारखें वाटून घेण्याला 'रोमन पद्धत' म्हणतात. ती मी सुचविली, पण स्नेह्यानें ऐकलें नाहीं व पैसे त्यानेंच दिले. पुढें मीं त्याला पत्रांतून टोमॅटोची, यंत्रांची आणि मुसोलिनीची ही सारी हकीकत कळविली, व त्याचें वाक्य अर्धेंच खरें असल्याचेंही लिहिलें. त्याचें उत्तर दोन ओळींचें आलें. टोमॅटोचा हिशेब मान्य आहे; त्या जेवणाचा मात्र अजून व्हावयाचा आहे, आणि आठ दिवस केव्हांच उलटून गेले आहेत.